मशीनने विचारलं, त्रिपाठीजींनी उत्तर दिलं

कॉम्प्युटरच्या अडेलपणाचं मला नका सांगू, मी लखनौला त्रिपाठीजींबरोबर काम केलंय. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. वनस्पतींच्या नावांतून हवा तो नमुना शोधायला मी कॉम्प्युटरची एक छोटी भाषा आणि ती मशीनला समजावणारा कंपायलर बनवला होता. डावीकडे नमुना, उजवीकडे काय करायचं ते, मध्ये बाण. वनस्पतिशास्त्रज्ञ त्रिपाठीजी दर वेळी बाणाऐवजी ‘=’ हे बरोबरीचं चिन्ह टाकत आणि मशीन नुसतं ‘एरर सतरा’ म्हणे.

"जोशी साहब, यह सत्रह क्या बला है?"

अनुदान ठरवायला दिल्लीची कमिटी येणार होती. मी घाईने संदेश सुधारला: ‘इथे बाण हवा होता का?’

दुसऱ्या दिवशी ते तणतणत आले. "आपकी मशीन पूछती है, मैं ‘यस’ लिखता हूँ, फिर वही पूछती है. इतना तो मेरे घर में भी होता है."

"त्रिपाठीजी, उसे जवाब नहीं चाहिए."

"तो पूछा क्यों?"

‘यस’ लिहिलं की मशीन स्वतःच बाण घालेल, अशी मी निमूटपणे सोय केली.

कमिटीसमोर त्यांनी मुद्दाम बरोबरीचं चिन्ह टाकलं. मशीनने विचारलं, त्यांनी ‘यस’ लिहिलं, यादी सरसर छापून आली.

कमिटीतले एक साहेब म्हणाले, "गलती पता थी, तो मशीन ने खुद क्यों नहीं सुधार ली?"

त्रिपाठीजी शांतपणे म्हणाले, "दिल्ली की सुधार लेती होगी, साहब. हमारी पहले पूछ लेती है."