टरेट फिरण्याआधीचा थांबा

सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावर बसलेले आपले मालक, आलेले पाहुणे आणि मशीन शॉपमधल्या माझ्या सगळ्या सोबत्यांनो,

आधी माफी मागतो. चार शब्द लिहून आणा असं आठवड्यापूर्वीच सांगितलं होतं, मी ते आज जेवणाच्या सुट्टीत लिहिले. हातच चालेना. त्यात माझं शिक्षण बेताचं. आवाज मागे पोचतोय ना?

आज माझ्या सूनबाईला निरोप द्यायचा आहे. ती प्रोग्राम लिहायची आणि मी सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, लेथवर उभा राहून तो चालवायचो. तुम्ही चिडवायचात, सासऱ्याला हुकूम सोडणाऱ्या सुना पुष्कळ पाहिल्या, आकड्यांत सोडणारी ही पहिलीच. मला तेही गोड वाटायचं.

तिच्या आधी त्या खुर्चीवर माझा मुलगा होता. पाहुण्यांसाठी सांगतो, टरेट म्हणजे हत्यारं खोवलेली जाड चकती. कोड दिला की ती फिरते आणि हवं ते हत्यार पुढे येतं. आमच्या जॉबला, म्हणजे मशीनवर लावलेल्या तुकड्याला, ड्रिलनंतर भोक मोठं करणारा लांब बोरिंग बार लागायचा. त्याआधी मुलगा टरेट पार मागे न्यायचा आणि एक ओळ घालून मशीन थांबवायचा. मी दार उघडून भोकात अडकलेला लोखंडाचा कीस काढायचो, हिरवं बटण दाबायचो, मग टरेट फिरायचा. "बाबा, घाई नको, बार मोडेल," म्हणायचा.

तो आजारपणात गेला. पुढे नवं ड्रिल आलं, कीस आपोआप बाहेर पडू लागला. थांब्याची गरजच उरली नाही. सूनबाईने सगळा प्रोग्राम नव्याने लिहिला, पण ती ओळ ठेवली. सुपरवायझरसाहेब म्हणाले, वेळ जातो. ती म्हणाली, असू द्या. घरी आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. काय बोलायचं? मी बटण दाबायचो.

आता ती दूरच्या गावी चालली आहे. तिथे नोकरी आहे आणि नवा संसारही मांडायचा आहे. माणूस चांगला आहे, मी स्वतः भेटून आलो. जा, असं मीच म्हटलं.

काल ती मशीनपाशी आली. "बाबा, ती ओळ काढू का? मी गेल्यावर कुणीतरी काढेलच. तेव्हा तुम्ही एकटे असाल."

"तूच काढ," म्हटलं.

तिने काढली. ड्रिल मागे आलं, टरेट न थांबता फिरला, बार आत गेला. जॉब मापात उतरला. माझा अंगठा मात्र सवयीने बटणापाशी गेला होता, तो तिथेच राहिला. तिने माझा हात तिथून उचलून आपल्या हातात घेतला. पुढचा जॉब होईपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

मालकांनी आम्हाला सांभाळून घेतलं, आपण सगळे आवर्जून आलात, फार आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर या म्हाताऱ्याला पदरात घ्या.

आणि सूनबाई... अजून सूनबाई म्हणू ना? गाडीत खिडकी लावून घे, गार वाऱ्याने तुझा कान दुखतो. पोचलीस की कळव. लगेच कळव, पोरी. फोन मी हातातच धरून बसणार आहे.