अष्टमीचं पाणी

दोर सोडा, अवो दोर सोडा, दोर, दोर, अरे गोप्या सोड ना रं तो दोर! ही माझी बायको हिरा ओरडत होती, नदीच्या मधोमध एका खडकाला मिठी मारून, गळ्यापर्यंत पाण्यात, आणि पाणी म्हणजे कसलं, चहाच्या रंगाचं, अख्खी झाडं मुळांसकट नाचत येत होती त्यात, आणि मी काठाला कंबरभर पाण्यात उभा, दोन्ही हातांनी फटफटीचं हँडल धरून. लगीन होऊन सात महिने झालेले. तोवर बिचारी अवो-जावोच्या खाली उतरली नव्हती, त्या दिवशी पयल्यांदा अरे-तुरे केलं आणि ते बी नाव घेऊन. लिवा बाई, वहीत हेच आधी लिवा. मी जलमलो कुठं, शिकलो किती, ते मागनं.

बरं, जलमलो इथंच घिवलीला. बा सांगायचा की मी होडीत जलमलो आणि असा रडलो की किनाऱ्यावरच्या लोकांना वाटलं वादळ आलं, त्यांनी जाळी गोळा केली. खोटं असंल, पण आवाज ऐकताय ना तुमी माझा. शाळा दोन इयत्ता. बाकी सगळं शिक्षण बाच्या होडीवर. आता भर दर्यात वाट कशी कळती, तर डोंगर बघून. तो महालक्ष्मीचा सुळका हाय ना, तो अमक्या ताडाच्या डोक्यावर आला की जाळं टाकायचं, त्या ताडाच्या उजवीकडं सरकला की समजायचं आपण वाहवलो. वीस वर्षं मी डोंगरांची तोंडं बघितली, बाई. पाठ कधी बघितली नाय. मंग मनात भरलं की एकदा जाऊन बघायचं, ह्या डोंगरांच्या मागं हाय तरी काय.

तेवढ्यात इकडं तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात आलं. सदुसष्ट का अडुसष्ट साल असंल. माला खलाशी म्हणून घेतलं. खलाशी म्हणजे होडीवरचा नाय, बांधकामावर बी खलाशी असतो, अवजड यंत्रं दोरांनी बांधायची, चढवायची, सरकवायची. दर्याच्या माणसाला गाठी शिकवायला लागत नाय. माझी गाठ दहा हत्तींनी ओढली तरी सुटायची नाय आणि मी दोन बोटं लावली की पाण्यासारखी सुटायची. परदेशी साहेब फोटो काढून न्यायचे माझ्या गाठीचे. नाय, फोटो एकानंच काढला, पण काढला.

तिथं एक फिटर होता, वर्माजी, उत्तरेकडचा. बोईसरला खोली करून राहायचा. त्याच्या शब्दावर माला काम लागलेलं आणि त्याच्या शब्दावर जाईल बी, हे तो आठवड्यातनं एकदा ऐकवायचा. त्याच्याकडं पावणेदोनशे सीसीची फटफटी होती, काळीभोर, टाकीवर स्वतःचं तोंड बघून भांग पाडावा अशी. तो उन्हाळ्यात महिनाभर गावाला निघाला आणि फटफटी माझ्याकडं ठेवून गेला. म्हणाला, देख गोपी, रोज पाँच मिनट चालू करना, बस. और एक खरोंच भी आई ना, तो तेरी चमड़ी से पॉलिश करूँगा. हसत नव्हता म्हणताना. मी रोज पाच मिनिटं चालू केली, तीन दिवस. चौथ्या दिवशी हिराला म्हटलं, सामान बांध, आपण डोंगराची पाठ बघायला चाललो.

सामान काय, तर शिडाचं जुनं कापड तंबूला, रॉकेलचा स्टो, एक पातेलं, तांदूळ, बोंबलांचं पोतं आणि चाळीस हात दोर. मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक आणि तिथनं थेट वणीपर्यंत. एकेका घाटाला फटफटी अशी धापा टाकायची की माला वाटायचं आता ही खाली बसंल आणि पाणी मागंल. दोघांना ओढायची नाय, मंग हिरा उतरून चालायची, आणि काय सांगू तुमाला, मी वर पोचायचो तर ही आधीच पोचून दगडावर केस विंचरत बसलेली.

पण खरं सांगू का, मी भ्यालो होतो. पयल्या घाटापासनं भ्यालो होतो. दर्यावर खाली पाणी असतं, पडलास तर पाण्यात पडशील. घाटात खाली काय तर हवा. मी एकदा खाली वाकून बघितलं आणि माझं परवाचं जेवण वर आलं. आणि ती शांतता! जलमापासनं कानात लाटा, आणि तिथं काहीच नाय, पान हाललं तरी माला वाटायचं बिबट्या. चार दिवस डोळ्याला डोळा नाय. हिरा घोरायची. आणि सगळ्यात मोठी भीती त्या टाकीच्या चकाकीची. दर उताराला थांबून मी टाकी पुसून बघायचो, ओरखडा तर नाय ना. हिरा म्हणाली बी एकदा, अवो, माझ्या तोंडावर बी धूळ बसलीय.

परतीच्या वाटेवर, मोखाड्याच्या अलीकडं, भर दुपारी इंजिन तापलं. खाली नदी होती, म्हणजे नावाला नदी, वैशाखाचे दिवस, एवढीशी धार आणि बाकी सगळी पांढरी वाळू. वाळू बघितली आणि माझ्या जिवात जीव आला. चार दिवसांनी पायाखाली घर आलं! फटफटी उतरवली खाली, वाळूतच तंबू ठोकायला घेतला. काठावरनं एक वारली बाई खेकडे धरायला चाललेली, खांद्यावर लांब बांबू. ती म्हणाली, हितं नका राहू, वर डोंगरात ढग वाजतोय. मी हसलो. तिला म्हटलं, बाई, आमी दर्याची माणसं, आमाला पाणी शिकवू नको. आज अष्टमी. अष्टमीला पाणी चढत नाय.

हसू नका, बाई. आमच्यात पाणी तिथीनं चालतं. पुनवेला, अवसेला उधाण, आणि अष्टमीला भांग, पाणी मेल्यासारखं पडून राहतं, बाप तसा, आजा तसा, सगळ्यांचा हिशेब तोच. शिवाय वाळूत सुक्या काड्यांची रेघ होती, भरती जिथवर आली तिथवर टाकून जाते ना, तशी. मी त्या रेघेच्या चार हात वर तंबू ठोकला. एवढी अक्कल चालवली मी! आणि होडी न बांधता सोडायची नाय ही सवय, म्हणून फटफटी बी बांधली, दोराचं एक टोक काठावरच्या करंजाला, दुसरं फटफटीला. हिरा पातेलं घासायला धारेकडं गेली.

आधी वास आला. ओल्या मातीचा, कुजलेल्या पाल्याचा. वर आभाळ निळं, थेंब नाय. मंग आवाज, आणि माला येड्याला आनंद झाला, वाटलं लाटांचा आवाज, किती दिवसांनी. वळून बघितलं तर वळणावरनं पाणी उभं चालत येत होतं. गावात मी सांगतो माडाएवढं. माणसाएवढं होतं. माणसाएवढं पाणी पुरतं, बाई.

तंबू गेला, पोतं गेलं. मी पळालो ते फटफटीकडं. का, ते माला इचारू नका. हिराला पाण्यानं उचललं आणि मधल्या खडकावर आपटलं, तिनं खडक धरला, आणि तिथनं ती ओरडायला लागली ते तुमी वर लिवलंय. माझ्यापासनं दहा-बारा हात. दोर चाळीस हात. फटफटीकडची गाठ सोडायची, टोक हिराकडं फेकायचं, झालं. दोन बोटांचं काम. पण गाठ सोडली की फटफटी गेली. हिराचं तोंड समोर होतं आणि माला वर्माजीचं दिसत होतं. मी हँडल धरून उभा. किती वेळ म्हणाल, तर गावात मी अर्धा तास सांगतो. दहा श्वास असतील. त्या दहा श्वासांत तिचा एक हात सुटला.

ती वारली बाई धावत आली. माझ्याकडं बघितलं बी नाय. करंजाला एका हातानं धरून पाण्यात उतरली, बांबू लांब केला, हिरानं खडक सोडला नि बांबू धरला, आणि त्या काटकुळ्या बाईनं तिला काठाला ओढून घातलं. हिराच्या कोपरापासनं मनगटापर्यंत कातडं गेलेलं. बाईनं कसला तरी पाला चुरून बांधला आणि आपल्या खेकड्यांकडं निघून गेली. नाव बी इचारायचं राहिलं.

पाणी आलं तसं तासाभरात ओसरलं. फटफटी चिखलात उभी, ओरखडा नाय. हिरा उठली, लुगडं पिळलं, फटफटीजवळ गेली आणि मी घातलेली ती गाठ तिनं एका हातानं सोडली, दोराची गुंडाळी केली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. बोईसर येईपर्यंत तिनं माझ्या खांद्याला हात लावला नाय, मागचा कॅरिअर धरून बसली. प्रत्येक वळणाला मी भ्यालो की आता मागं कोणी नसंल.

वर्माजी आला. टाकीकडं नीट बघितलं बी नाय त्यानं, आणि दुसऱ्या महिन्यात फटफटी विकून टाकली.

आणि मी गावात काय सांगितलं? मी उडी मारली, दोर दातांत धरला, हिराला केसांना धरून ओढून काढली. दर वर्षी पाणी वाढत गेलं, एक वर्षी तर त्यात मी मगर बी घातली. लोक वा वा करायचे. हिरा तिथंच बसलेली असायची, मासे कापत, नाय तर बोंबील वाळत घालत. सांगताना मी तिच्या हाताकडं बघायचो, कोयता थांबतोय काय. थांबला नाय कधी. पोरं झाली, नातवंडं झाली, त्यांना बी तीच गोष्ट, आणि दर वेळी माला तेच भय, आता ही खरं बोलंल. घाटाचं भय गेलं, बिबट्याचं गेलं. हे गेलं नाय.

काल तुमचा निरोप आला, की बाई येणार, तुमची गोष्ट लिवून घेणार. माला झोप नाय. आता कागदावर जाणार, म्हणजे ती आता तरी बोलंल. सकाळी ती अंगणात बोंबील उलटे करत होती, तिथं जाऊन उभा राहिलो. म्हटलं, हिरे, एवढी वर्षं तू कोणाला खरं का नाय सांगितलंस?

म्हणाली, माला कोणी इचारलंच नाय.