ड्रोन साहेबांच्या भाच्यानं उडवला
हसू नका, खरंच सांगते. ड्रोननं फवारणी करायचं ट्रेनिंग घेऊन मी बिलोलीला परत आले, तर ड्रोनच्या उद्घाटनाच्या दिवशी आमदार साहेबांनी माझ्या हातात आरतीचं ताट दिलं. "ताई, तुम्ही ओवाळा. ड्रोन आमचा भाचा उडवंल."

साहेब माइकवर 'ड्रोनमुळं तालुक्याची भरभराट' सांगून राहिले होते, तेवढ्यात भाच्यानं ड्रोन नेऊन बाभळीत अडकवला. लाज वाटायची सोडून साहेब म्हणतात कसे, "बायकांचं ट्रेनिंग लई कमी पडून राहिलं!"

माझं डोकंच फिरलं. ताट खाली ठेवलं, माइक ओढून घेतला अन् म्हटलं, "साहेब, आता भाच्यालाच बाभळीवर चढवा. झाडावर चढायचं ट्रेनिंग मी घेतलेलं न्हाई."