मॅटवरचा रूपराव

नत्थूजी : आयक तं आधी. तू निंबाच्या झाडाकडूनच बॉलिंग टाक. कप्तानानं दुसरीकडून देल्ली तं नाही म्हन.

रूपराव : काहून?

नत्थूजी : काहून-फाहून नको इचारू. काकाचं आयकाव एखाद्या वेळी.

रूपराव : काका, एका घंट्यानं ट्रायल आहे. रणजीची ट्रायल, गल्लीतली मॅच नोहे. साफ सांग.

नत्थूजी : तिकडून टाकला की तुहा चेंडू जिथं पडते ना, तेवढी जागा मी काल रोलरखालून सोडून देल्ली. पानीबी नाही मारलं. भुसभुशीत झाली. नुसतं बोट लाव, चेंडू हातभर वळन.

रूपराव : तू पिच खराब केलं?

नत्थूजी : खराब कायचं? आपल्या पोराच्या बेताचं केलं. तो सिलेक्टर, दत्तोपंत, सगळ्याईले सांगत फिरते, मॅटवरचा रूपराव मातीवर चालायचा नाही म्हून. त्याचं तोंड बंद होऊन जाईन.

रूपराव : मॅटवर चारशेच्या वर विकेट काढल्या मी. तवा कोन मले भुसभुशीत करून देत होतं?

नत्थूजी : पिचवर हातरतो ती काथ्याची मॅट कोन ताणे?

रूपराव : तूच ताणे. ग्राउंडचा माळी तू.

नत्थूजी : माळी मंग झालो. जलमाचा कोष्टी आहे मी, वीस वर्षं मागावर बसलो. सूत किती ओढलं की तुटते न किती सोडलं की झोल पडते, हे ह्या हाताले समजते. मॅट कडक ताणली की चेंडू सरळ येते. जराशी सैल राह्यली की चेंडू तिले धरते न वळते. तुही मॅच असली की मी खुंट्या दोन बोटं सैल ठेवो.

रूपराव : कवापासून?

नत्थूजी : चौसष्टपासून. बारा वर्षं झाले.

रूपराव : कन्हानले सात काढल्या, त्या तरी माह्या आहेत. तिथं तू नव्हता.

नत्थूजी : तिथचा माळी तुह्या काकूचा भाऊ.

रूपराव : न कळमेश्वर?

नत्थूजी : आदल्या दिवशी सायकलनं जाऊन आलतो.

रूपराव : अरे बाप्पा! म्हणजे चारशेतली एक तरी माही आहे का नाही?

नत्थूजी : असतीन ना. सगळ्याच काय खुंटीच्या असतीन?

रूपराव : कोनत्या ते सांग.

नत्थूजी : ते मले कसं समजन, बाप्पा?

रूपराव : मलेबी नाही समजून राह्यलं आता. ऊठ. रोलर काढ. मी ओढतो तुह्यासंगं.

नत्थूजी : पागल झाला का? धुतला जाशीन, रूप्या! चौतीस वर्षांचा घोडा झाला तू. फिरून कोनी बोलावनार नाही तुले.

रूपराव : म्हनूनच म्हंतो. आज नाही समजलं, तं मरेपर्यंत नाही समजनार. धर तिकडून.

दत्तोपंत : अहो रूपराव, रोलर तुम्ही ओढताय? ट्रायलच्या दिवशी बॉलरनं खांदा जपावा.

रूपराव : काकाचं वय झालं, साहेब. एक जागा राह्यली होती.

दत्तोपंत : हं. आज मॅट नाही, माती आहे. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही म्हणून.

रूपराव : मातीबी पाहून घेऊ, साहेब.

(पाण्याची सुट्टी. नत्थूजी बादली घेऊन मैदानात आला आहे.)

नत्थूजी : चार ओव्हरीत तीस रन! सांगतलं होतं तुले.

रूपराव : घाबरू नको गा, सापडलं मले. मॅटवर मी चेंडू नुसता रेटत होतो, वळवायचं काम तुही मॅट करे. इथं रेटला की थेट बॅटवर जाते. इथं हवेत सोडा लागते, उंच. बॅट्समनले पुढं येऊ द्या लागते.

नत्थूजी : पुढं येऊन सिक्स मारन तो.

रूपराव : मारू दे एक. दुसऱ्यालेबी तसाच धावत येईन, न चेंडू तिथं नसन. आन, पानी दे.

दत्तोपंत : संपली ट्रायल. या रूपराव, बसा. नत्थूजी, तुम्हीही या. खरं सांगू? पहिल्या चार ओव्हर्स बघून मी तुमच्या नावावर काट मारली होती.

रूपराव : न मंग?

दत्तोपंत : मग खोडरबर शोधत बसलो! दोघं स्टंप आउट, एकाचा त्रिफळा. आणि पिचची काडीची मदत नाही. मी वीस वर्षं बॅट घेऊन उभा राहिलोय, मला कळतं.

रूपराव : तेच पाह्यचं होतं, साहेब.

दत्तोपंत : सकाळी ती जागा मीही पाहिली होती, रोलर फिरायच्या आधी. मान खाली घालू नका, नत्थूजी. पुन्हा करू नका म्हणजे झालं.

नत्थूजी : नाही करत, साहेब. त्याले गरजच नाही, हे मलेच आज समजलं.

दत्तोपंत : बरं, टीममध्ये घेतोय, तेव्हा फॉर्म भरून टाकू. रूपराव बबनराव धकाते. डावखुरा स्पिनर. आजवरच्या विकेट्स... चारशेच्या वर म्हणतात लोक. नक्की आकडा किती लिहू?

रूपराव : तीन लिहा.