यंत्राला सापडलेल्या तीन जणांच्या टोळीबाबत

नाव विचारले असता सांगते की, घरी आणि ऑफिसात सगळे मला मावशी म्हणतात. खरे नाव रजिस्टरात लिहून दिले आहे. वय ५६ वर्षे, धंदा नोकरी, राहणार छापखान्याच्या मागे, दुसरा मजला.

मी आज पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की, मी वरील ठिकाणी भाचीसोबत राहते. पूर्वी एकोणीस वर्षे प्रसूती वॉर्डात आया होते. दोन वर्षांपासून भाचीच्या कंपनीत कामाला आहे. प्रोग्राममधल्या ज्या चुकीतून परका माणूस आत शिरू शकतो, तिला आमच्याकडे भोक म्हणतात. हॅकर लोक अशी भोके इंटरनेटवरच्या बाजारात लिलावाने विकतात. त्यांचे लाखो मेसेज आमचे यंत्र वाचते आणि विकणारे कोण, किती जण, ते सांगते. यंत्र भाचीने बनवले आहे. त्याचे बरोबर की चूक अशी खूण करणे हे माझे काम. नियम एकच, बघायचे, बोलायचे नाही.

मागच्या मंगळवारी एका विक्रेत्याने सलाइनच्या पंपातले भोक लिलावाला लावले. औषध किती जावे ते हा पंप ठरवतो आणि त्या भोकातून ते कोणालाही बदलता आले असते. लिलाव शुक्रवारी दुपारी चार वाजता संपणार होता. तान्ह्या बाळांच्या खोलीतले असे पंप मी वर्षानुवर्षे पुसले आहेत.

यंत्राने सांगितले, तीन पुरुषांची टोळी, पाळीपाळीने काम करणारी. कारण मेसेज दिवस-रात्र दर अडीच तासांनी येत होते. मी ते सगळे वाचून काढले. वाक्य अर्धे टाकून माणूस गायब व्हायचा आणि वीस मिनिटांनी तिथूनच पुढे लिहायचा. संध्याकाळी सात ते दहा टोळी चिडीचूप. मी भाचीला म्हणाले, "अगं, कसली टोळी? ही बाळंतीण आहे."

ती म्हणाली, "मावशी, यंत्राने दोन कोटी मेसेज वाचलेत."

मी म्हणाले, "वाचू दे. एक तरी दुपटं बदललंय का त्याने?"

ती हसत सुटली, पण खूण 'टोळी' अशीच ठेव म्हणाली.

बुधवारी सकाळी ११ वाजून १० मिनिटांनी मी ऑफिसच्या खात्यावरून विक्रेत्याला लिहिले, "बाळ किती दिवसांचं?" नियम मला माहीत होता. नऊ मिनिटांनी उत्तर आले, "तुम्ही कोण?" मी लिहिले, "सगळ्यांची मावशी." मग आले, "चाळीस." मी विचारले, "संध्याकाळी रडून घर डोक्यावर घेतं ना?" उत्तर आले, "काहीतरी उपाय सांगा हो." मी सांगितले की, हातावर पालथे घ्यावे, पाठ चोळावी आणि स्वतः घाबरू नये.

गुरुवारी मेसेज आला, "तीन तास झोपलं. मीही झोपलो." म्हणजे बाळंतीण नव्हे, बाप निघाला. तेवढे माझेही चुकले. मग पंप कुठे लावतात ते मी त्याला सांगितले. त्यावर त्याने लिहिले की, पंप भंगारातून आणून खोलला होता. बनवणाऱ्या कंपनीला चार वेळा कळवले, कोणी दाद दिली नाही, म्हणून रागाने भोक विकायला काढले. शुक्रवारी दुपारी ३ वाजून ४० मिनिटांनी त्याने लिलाव मागे घेतला. भोकाची सगळी माहिती आमच्याकडे फुकट पाठवली. वर लिहिले होते, "मावशींना."

आम्ही ती पंप बनवणाऱ्यांना दिली आणि सोमवारपर्यंत सगळ्या पंपांतले भोक बुजवले गेले. ऑफिसात लोक खुर्च्यांवर चढून ओरडले. भाचीने मला उचलून घेतले. माझे वजन पाहता ते सोपे नाही. मला आनंदाने रडू आले, तेही लिहून घ्यावे. नियम मोडल्याची तक्रार आमच्या कंपनीच्या साहेबांनी केली आहे, ती खरी आहे. तेच मला गाडीतून इथे घेऊन आले आणि आता बाहेर माझी पिशवी सांभाळत बसले आहेत.

विक्रेत्याचे नाव-गाव मला माहीत नाही. त्याने आणखी काही विकायला काढले आहे का, असे विचारल्यावरून सांगते की, आज सकाळी त्याचा एकच मेसेज आला आहे. तो मोबाइलवर दाखवत आहे: "मावशी, आज लेक माझ्याकडे बघून हसली."

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मेसेजची ओळ त्यांनी दोनदा वाचली. मी सांगितले तसाच जबाब उतरला आहे आणि खरा आहे.