राजदूताचे आसन

खुर्चीच्या मानाचा विषय निघालाच आहे, तर सत्तरच्या दशकातली आमच्या नारपोलीची एक गोष्ट ऐका. यंत्रमागवाले दामूशेठ यांचे माग पाहायला एक परदेशी राजदूत येणार होते. एकादशीच्या भजनात त्यांचा सत्कार करणार, असे शेठांनी गावभर सांगून ठेवले होते. विठ्ठलासमोर स्वतःच्या खुर्चीशेजारी मखमली खुर्चीही मांडली.

पाहुणे आले आणि दुभाष्यामार्फत नम्रपणे म्हणाले, "माझे अधिकारपत्र तुमच्या राष्ट्रपतींनी अजून स्वीकारलेले नाही. तोवर राजदूताचा मान मला घेता येणार नाही." एवढे बोलून ते आम्हां भजनकऱ्यांत सतरंजीवर बसले.

शेठ माझ्या कानाशी लागले. "बुवा, गावात नाक कापलं ना माझं!"

"शेठ, न मिळालेला अधिकार न मिरवणारा माणूस तुमच्या दारी आला. नाक कापलं कसलं, भाग्य म्हणा!"

पुढच्याच महिन्यात, एकादशीलाच, ते पुन्हा आले. या खेपेस गाडीवर त्यांच्या देशाचा ध्वज होता. शेठ धावले, "साहेब, आता तर पत्र पोचलं! बसा खुर्चीवर!"

ते सतरंजीवरच टेकले आणि विठ्ठलाला हात जोडून दुभाष्यामार्फतच म्हणाले, "दिल्लीत पोचले. या दरबारात अजून कुठे स्वीकारले गेले आहे?"

 शेठ त्यांच्याशेजारी मांडी घालत म्हणाले, "बुवा, सरका जरा. माझंही राहिलंय की!"