कान पिळायचा मान

आम्ही मूळचे वारज्याचे, म्हंजे वारजं गाव व्हतं तवापासूनचे. शेतं गेली, तिथं इमारती आल्या, आन आता त्याच इमारतींच्या पाण्याच्या मोटारी जळल्या की माझ्याकडं येत्यात, रिवाइंडिंगचं दुकान हाय माझं. नाव विक्रम. हे मीच ठेवलं, आईबापानं ठेवलेलं विचारू नका, ते मी सांगत नसतो कुणाला.

काय सांगू तुम्हाला, लोकांचं मला काय वाटत नाय. कोण म्हणतं हिजडा, कोण छक्का, एक शिकलेला बाबा दुकानात येऊन म्हणला, आपण तृतीयपंथी का. अरे बाबा, हिजड्यांचं घराणं असतंय, गुरू असतोय, चेले असत्यात, त्यांचा मान त्यांच्यापाशी, मी त्यातला नाय. आन बाईवर जीव असलेली बाई, ती पण वेगळी, ती बाईच असती. मी पुरुष हाय. सुईण म्हणली मुलगी झाली, तिचं चुकलं, संपलं. ट्रान्स पुरुष म्हणत्यात आता. पण ज्याला ठावं नाय त्याच्यावर काय रागवायचं? आमची आई अजून गोंधळती, म्हणती तू जे काय हायस ते हायस, जेवून घे आधी.

राग हाय तो पल्लवीचा, माझ्या धाकट्या बहिणीचा. तिला सगळं ठावं व्हतं हो. घरात पहिल्यांदा दादा म्हणली ती तीच, मला नीट सांगता येत नव्हतं तवा आईला फोड करून सांगितलं ते पण तिनंच, की हिजडा वेगळं आन आपल्या दादाचं वेगळं. आन लहानपणापासनं ठरलेलं, दादा, माझ्या लग्नात नवऱ्याचा कान तूच पिळायचा, असा पिळायचा की जल्मभर ध्यानात राहिला पाहिजे.

लग्नात फेटा बांधून उभा व्हतो मी. भटजी म्हणले, नवरीचा भाऊ कुठाय, या कान पिळायला. मी पुढं झालो, तर पल्लवीनं माझ्याकडं बघितलं पण नाय, चुलतभावाला हाक मारली. नवऱ्याच्या मावशीनं विचारलं, हे फेटेवाले कोण गं? तर म्हणती कशी, ती आमची ताई, जरा टॉमबॉय आहे.

केसानं गळा कापला हो माझा. त्यापेक्षा शिवी परवडली, शिवी देणाऱ्याला माहीत नसतंय, हिला माहीत व्हतं. मी पंगतीतनं उठलो नाय, फेटा पण काढला नाय, बुंदी तेवढी पानात तशीच ठेवली.

आता दर भाऊबीजेच्या आधी फोन येतो. औंदा पण आला, हळू आवाजात, दादा, त्या दिवशी सासरची सगळी गावाला चाललीत, तू ये. म्हंजे बघा, दार लावून मी दादा. मी म्हणलो, पल्ले, सुखात राहा, पण सासूसमोर दादा म्हणशील तवाच येईन ओवाळून घ्यायला. तेवढ्यात मागनं सासू म्हणली, कुणाचा फोन गं?

ताईचा, आई.

फोन ठेवला मी. साडी घेतलेली हाय तिच्यासाठी, आईच्या हाती धाडतो. तिला नसंल म्हणायचं तर नसंल, भाऊ हाय ना मी.